उन्हाळी संशोधनाची तयारी दिवाळीपूर्वीच हवी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्या माझ्या भाचीला उन्हाळ्याच्या सुटीत नामवंत प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येते, हे गेल्या डिसेंबरात कळले; तोवर अर्जाची मुदत संपली होती. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचे अर्ज साधारणतः नोव्हेंबरअखेरपर्यंतच घेतले जातात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्रातील संशोधन संस्था यांचे अर्जही हिवाळ्यातच निघतात. आपल्या घरांत मात्र सुटीचा विचार परीक्षा संपल्यावर सुरू होतो.

तारखा कळल्या तरी खरी अडचण पुढेच असते. अकादमींच्या अर्जासोबत विद्यार्थ्याने आपल्याला काय करायचे आहे याचे छोटे टिपण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र द्यावे लागते. मी अनेक वर्षे इंदुरात पदार्थविज्ञान शिकवले असून, मुदतीच्या आदल्या दिवशी मागितलेली अशी पत्रे मीही लिहिली आहेत. ज्या विद्यार्थ्याला आपण केवळ हजेरीपटावरून ओळखतो, त्याच्याविषयी ‘वर्तणूक चांगली’ यापलीकडे प्रामाणिकपणे काय लिहिणार?

म्हणून तयारी प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामातून व्हावी. अर्धवाहकाच्या ऊर्जा-अंतराचा, म्हणजे त्यातून वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनला लागणाऱ्या ऊर्जेचा, प्रयोग बहुतेक महाविद्यालयांत होतो; त्यात नमुना भट्टीत तापवून त्यातून वाहणाऱ्या विजेतला बदल मोजतात. तापमान चढताना आणि उतरताना घेतलेली वाचने जुळत नाहीत, तेव्हा मुले जर्नलमध्ये ती जुळवून लिहितात. याउलट एखाद्या मुलीने तापमापी नमुन्याच्या खऱ्या तापमानाच्या मागे राहते का, हे पाहण्यासाठी भट्टी अधिक सावकाश तापवून तोच प्रयोग पुन्हा केला, तर तिच्या टिपणाला स्वतःचा विषय मिळतो आणि शिक्षकालाही पत्रात लिहिण्याजोगी गोष्ट मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रकल्पकार्य अभ्यासक्रमात आले आहे, परंतु तयार मजकुराची फाईल बांधून देण्याची सवय सुटेपर्यंत त्याचा या कामी उपयोग नाही, हे मला खेदाने म्हणावेसे वाटते.

ज्या शहरात इंडस-२ हा २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून संशोधनासाठी तीव्र किरण देणारे यंत्र, चालतो, तेथील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पदवी हाती येईपर्यंत संशोधन म्हणजे काय हे जवळून पाहायला मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

इंदुरातील मराठी मंडळे दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात. त्यांना माझी विनंती आहे की, गणेशोत्सवातील एक संध्याकाळ त्यांनी अशा प्रयोगशाळांत काम करून आलेल्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी; त्यांनी आपले अर्ज, नकार आणि अनुभव धाकट्यांना मोकळेपणाने सांगावेत. ऑक्टोबरातील रविवारी सकाळी विद्यार्थ्यांची टिपणे वाचून त्यांच्याशी चर्चा करण्यास मी विनामूल्य तयार आहे. कोणत्याही मंडळाने केवळ एक खोली उपलब्ध करून द्यावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
रामबाग, इंदूर