मूळ संख्येचे फलक तपासून लावा

महोदय,

22 डिसेंबरच्या गणित दिनाला खानदेशातल्या शाळांत जे फलक लागतात, त्यांवर हल्ली 2 चा 136279841 वा घात वजा 1 ही संख्या हमखास असते. ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांना ती सापडली, तेव्हा ती ज्ञात मूळ संख्यांतली सर्वांत मोठी ठरली. फलकावरून ‘ज्ञात’ हा शब्द मात्र गळतो. मूळ संख्या अनंत आहेत. सर्वांत मोठी अशी नसतेच. भास्कराचार्यांच्या पाटणचा शिलालेख ज्या चाळीसगाव तालुक्यात आहे, तिथे तरी एवढे सांभाळायला हवे.

त्याहून मोठी चूक म्हणजे 2 चा घात वजा 1 अशा संख्येबद्दल फलकावर येणारे ‘घातांक मूळ असला की संख्याही मूळ’ हे वाक्य. घातांक मूळ असावाच लागतो. 15 घेतला तर 32767 येतात आणि त्यांना 7 ने भाग जातो. पण तेवढे पुरत नाही. 11 मूळ आहे, तरी 2047 म्हणजे 23 × 89. हे दोन्ही भाजक 22 च्या पटीपेक्षा 1 ने मोठे आहेत, हा योगायोग नव्हे. 22 म्हणजे घातांकाची दुप्पट. भाजक शोधायचे ते याच साच्यातले.

भाजक सापडला नाही, तर ल्यूका-लेमर कसोटी. ही फळ्यावर करता येते. 4 घ्या, वर्ग करा, 2 वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. असे घातांकापेक्षा दोन कमी वेळा करायचे. शेवटी 0 उरला तर संख्या मूळ. 31 म्हणजे 2 चा 5 वा घात वजा 1; घातांक 5, म्हणून तीन पायऱ्या: 14, मग 194 ची बाकी 8, मग 62 ची बाकी 0. 2047 ला नऊ पायऱ्यांनंतर 1736 उरतात. मुले सुरुवातीचा 4 हीच पहिली पायरी धरतात आणि एक पायरी आधी थांबतात, तिथे उत्तर चुकते. भागाकारही टाळता येतो: 194 मध्ये 32 चे सहा गठ्ठे, 31 ने भागता प्रत्येकाची बाकी 1, आणि वर 2, म्हणून 6 + 2 = 8. नवाची बाकी काढताना अंकांची बेरीज करतो, तीच युक्ती. संगणकही द्विमान पद्धतीत हेच करतो.

फलकावरच्या त्या संख्येत अंक किती, हे काढताना घातांकाला 2 च्या लॉगने गुणतात आणि गुणाकाराच्या पूर्णांक भागात 1 मिळवतात. शाळेच्या तक्त्यातला 0.3010 घेतला तर चार हजारांहून अधिक अंक कमी भरतात. 0.30103 घेतला तर 41024321 येतात, म्हणजे नेमका एक जास्त. खरे अंक 41024320, ते 0.3010299957 घेतला तर येतात.

– एक गणित शिक्षक, चाळीसगाव