परतीची तारीख विचारणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीत लिहिलेले आमचे छोटे कार्ड एव्हाना तुमच्या पेट्रोल पंपाच्या काउंटरवर पोहोचले असेल. त्यात आभार आहेत, पण ते नेमके कशाबद्दल आहेत हे नीट मांडायला मला माझीच भाषा लागते. शिवाय ॲडलेड-मेलबर्नकडची कितीतरी मराठी कुटुंबे हल्ली भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन वाळवंटाच्या वाटेने निघतात, त्यांच्याही वाचनात हे यावे असे वाटते. म्हणून हे पत्र मराठीत आणि उघड लिहीत आहे. तुमचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही.

मारी हे तुमचे गाव ॲडलेडच्या उत्तरेला जवळपास सातशे किलोमीटरवर आहे. तिथून बर्ड्सव्हिल ट्रॅक सुरू होतो आणि 517 किलोमीटरची कच्ची वाट कापून क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलला पोहोचतो. आम्ही दोघे, आमची बारा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेले माझे आई-बाबा असे पाच जण त्या वाटेने जाऊन त्याच वाटेने परतणार होतो. निघण्याआधी तीन आठवडे मी तयारी करत होते, आणि ती निष्काळजीपणे केली होती असे मला आजही वाटत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारचा आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या विरळ वस्तीच्या भागातल्या, रस्त्यांचा अहवाल मी रोज सकाळी पाहत होते, हवामान खात्याचा आठवड्याचा अंदाज कोरडा होता, आणि दोन जादा टायर, साठ लिटर पाणी व सॅटेलाइट फोन गाडीत होता. आदल्या संध्याकाळी गावातल्या सरकारी फलकावर बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या नावासमोर ‘खुला’ ही पाटी मी स्वतः उभी राहून वाचली होती. दहा दिवसांत पावसाचा थेंब पडलेला नव्हता आणि आकाश असे निरभ्र होते की पुराचा विचारही मनात येऊ नये.

डिझेलचे पैसे घेताना तुम्ही विचारलेत, कुठे निघालात? हे सगळेच विचारतात. पण त्यापुढे तुम्ही विचारलेत, परत कधी येणार आणि कोणत्या वाटेने? मी म्हटले, याच वाटेने, पुढच्या बुधवारी. तुमचा हात पावतीवरच थांबला.

मागे तीन गाड्या खोळंबलेल्या असताना तुम्ही फोन उचललात आणि आमची वाट ओलांडणाऱ्या कूपर क्रीक या नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कॅटल स्टेशनवर, म्हणजे गुरे पाळणाऱ्या मोठ्या फार्मवर, लावलात. तिथल्या मालकाने आदल्याच दिवशी आपल्या लहान विमानातून पुराचे तोंड पाहिले होते. पाणी एकेक डोह भरत, थांबत, पुन्हा पुढे सरकत होते, आणि रस्त्यापर्यंत यायला त्याला चार दिवस लागतील की आठ, हे त्याला सांगता येत नव्हते. मग तुम्ही पावती उलटी करून बॉलपेनने रेघा ओढल्यात. वर क्वीन्सलँडमधल्या थॉमसन आणि बार्कू या नद्यांच्या दोन रेघा, विंडोरा गावाच्या वर त्या मिळून झालेली एक रेघ म्हणजे कूपर, पुढे इनामिंका, तिथून कुंगी सरोवरांकडे फुटणारा फाटा, आणि अगदी खाली, पेनचे टोक दाबून काढलेली आडवी रेघ, म्हणजे आमचा रस्ता. पाऊस पडला होता तो सगळ्यात वरच्या दोन रेघांवर, कित्येक आठवड्यांपूर्वी.

त्या कागदावर वाकून पाहताना बाबा मला मराठीत एवढेच म्हणाले, “अगं, हे तर कोयनेचं पाणी.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ त्या वेळी मी तुम्हाला नीट सांगितला नाही, तो आता सांगते. आम्ही कृष्णाकाठचे. सांगलीत पावसाळ्यात घरोघरी पहिला प्रश्न असतो तो आयर्विन पुलाची पातळी किती झाली हा. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी हे तिथे शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि 2019 साली तेच पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या घराचा तळमजला पूर्ण बुडाला होता. सांगलीत लख्ख ऊन पडलेले असतानाही पाणी चढते, कारण वर कोयनेतून किती क्युसेक सोडले आहेत आणि खाली कर्नाटकात अलमट्टीतून किती विसर्ग चालू आहे यावर आमचे नशीब ठरते. डोक्यावरचे आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधायचा नसतो, आणि राज्याची सीमा पाण्याला ठाऊक नसते, हे मी त्या घरात लहानपणापासून ऐकले होते. तरीही ज्या राज्यात गाडी चालवायची त्याच राज्याचा रस्ते अहवाल मी पाहिला, आणि ज्या राज्यात पाऊस पडला तिथल्या नदीची पातळी पाहण्याचे मला सुचले नाही.

कदाचित इथले अंतर माझ्या डोक्यात मावले नसावे. कोयनेचे पाणी सांगलीला येईपर्यंत आम्ही तास मोजतो, कूपरचे पाणी आठवडे घेते. कूपर ज्यात येते त्या लेक एअर सरोवराच्या खोऱ्याचे क्षेत्र जवळपास 12 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात जवळजवळ चार महाराष्ट्र मावतील, आणि उतार इतका अल्प की वरच्या भागात पूर काही ठिकाणी पन्नास किलोमीटरहून रुंद पसरतो. बहुतेक वेळा ते पाणी डोहांत, सरोवरांत आणि उन्हात संपते आणि तुमच्या रस्त्यापर्यंत पोहोचतही नाही. त्यामुळे रस्ता ‘खुला’ ही पाटी त्या दिवशी पूर्णपणे खरी होती. ती आजचे सांगत होती, पुढच्या बुधवारचे नव्हे.

तुम्ही आम्हाला जाऊ नका असे एकदाही म्हणाला नाहीत. बर्ड्सव्हिलहून पूर्वेला विंडोराकडे जाणारी वाट तेव्हा पाण्याखालीच होती, म्हणजे कूपर चढले तर आम्हाला मागेही येता येणार नाही आणि पुढेही जाता येणार नाही, एवढे तुम्ही दाखवलेत. 2010 मध्ये कूपरने रस्ता अडवला तेव्हा गाड्या फेरीबोटीतून पलीकडे नेल्या जात होत्या, पण बोट सुरू होईपर्यंत माणूस ज्या काठावर असेल तिथेच राहतो, हेही तुम्ही सांगितलेत. पाण्याच्या खोलीचा खुणेचा खांब अर्धा मीटर दाखवत असला तरी प्रवाहाने खालचा रस्ता खरवडून नेलेला असू शकतो आणि ते खांबावर दिसत नाही, हे तर मला कोणत्याच संकेतस्थळावर इतक्या स्पष्टपणे समजले नव्हते. बंद रस्त्यावर कुणी गाडी घातली की ओल्या मातीत खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढे कित्येक आठवडे स्टेशनवरच्या लोकांच्या गाड्या त्यांत आपटतात, हे सांगताना मात्र तुमचा आवाज चढला होता. तो राग मला फार जवळचा वाटला. पुराचे पाणी पाहायला गाड्या घेऊन येणारे लोक आम्हीही सांगलीत पाहिले आहेत.

शेवटी तुम्ही बाबांकडे वळून औषधांचे विचारलेत. त्यांचे इन्सुलिन गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये होते, मोजून अकरा दिवसांचे. फ्लाइंग डॉक्टर, म्हणजे दुर्गम भागात विमानाने येणारी वैद्यकीय सेवा, सर्वांसाठीच येतात, पण टाळता येण्याजोग्या कामासाठी ते विमान अडकायला नको, असे तुम्ही म्हणालात. त्या वाक्यानंतर आमच्यात चर्चा उरली नाही.

तुमच्याच सल्ल्याने आम्ही पश्चिमेला ऊडनडाटा ट्रॅकने विल्यम क्रीकपर्यंत गेलो, अर्थात त्या वाटेचा अहवाल आणि तिथल्या ओढ्यांची स्थिती आधी फोनवर विचारून. तिथून विमानाने लेक एअर पाहिले. खारट पांढऱ्या जमिनीवर पाण्याची कड हळूहळू पुढे येताना बाबांनी बराच वेळ पाहिली.

मंगळवारी आम्ही परत मारीला पोहोचलो तेव्हा फलकावर बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या नावासमोर ‘बंद’ लागले होते. पाणी त्याच पहाटे रस्त्यावर आले होते. बुधवारी आम्ही पलीकडच्या काठावर पोहोचलो असतो. मी तशीच तुमच्या पंपावर आले, पण तुमची सुट्टी होती, आणि काउंटरवरच्या मुलाला हे सगळे कसे सांगावे ते मला कळेना. म्हणून कार्ड, आणि म्हणून हे पत्र.

आई-बाबा आता सांगलीला परतले आहेत. ती पावती बाबांनी आपल्या डायरीत चिकटवली आहे, 2019 च्या पातळ्या लिहिलेल्या पानाच्या समोर. हवामान खात्याच्या पानावर नद्यांच्या पातळ्या कशा पाहायच्या हे त्यांनी नातीकडून शिकून घेतले, आणि रविवारी फोन आला की आयर्विनचे सांगून झाल्यावर ते विचारतात, “विंडोराला पाणी किती आहे?” आता मला त्याचे उत्तर ठाऊक असते. येत्या जूनमध्ये आम्ही पुन्हा मारीला येणार आहोत. या वेळी डिझेल भरण्याआधीच परतीची तारीख तुम्हाला सांगेन.

आपली ऋणी,
सांगलीची एक लेक, सध्या मुक्काम ॲडलेड