रविवारच्या बैठकीविषयी

मिरज, बुधवार

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर तुझ्या आईने सांगितले की तू रविवारच्या कथावाचनाच्या बैठकीला जाणे बंद केले आहेस. मी फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता आणि तू ‘बघू’ म्हणून विषय संपवला असतास, म्हणून लिहितो आहे. कुठे जावे आणि कुठे जाऊ नये हे तुला सांगण्याचे दिवस केव्हाच सरले, हे मला ठाऊक आहे. तेव्हा एवढेच विचारतो, की मग रविवारी तू करतोस काय?

आईकडून जे समजले त्यावरून, घरविक्रीच्या तुझ्या कथेवर त्या नाशिकच्या मुलाने आक्षेप घेतला. आजी भांडी मोजून देते आणि मोजता मोजता एक लोटी पदराखाली घेते, तिथेच कथा संपली. पुढची दोन पाने लेखक बोलतो आहे, असे तो म्हणाला. ती आजी म्हणजे आपली माई, आणि त्या दोन पानांत तिचे जाणे आहे, त्यामुळे तुला ते लागले. मला ती पाने वाचवली नाहीत, आणि त्याचे कारण कथेत नाही. पण आपल्या वाचनालयात तीस वर्षे पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलामागे बसलेला माणूस म्हणून विचारशील तर माझे वाचनही लोटीपाशीच थांबले होते. माईने ती लोटी घेतली तेव्हा दलाल ओट्यावर बसला होता आणि आत्या चहा गाळत होती. दोघांनीही पाहिले आणि दोघेही काही बोलले नाहीत. आत्या चहा गाळत होती हे तू कथेत का घेतले नाहीस? ते तुझ्याकडे होते. असो, हे मी सांगणे बरोबर नव्हे. हे सांगण्यासाठीच बैठकीतली ती माणसे आहेत आणि त्यांना माई ठाऊक नाही, हाच त्यांचा उपयोग आहे.

पूर्वी हे काम काही प्रमाणात संपादक करीत. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाची कथा नुसती परत पाठवत नसत. ती कुठे कमी पडते आहे हे पत्राने कळवीत आणि कथा पुन्हा लिहून मागवीत. त्या पत्रव्यवहारातून किती लेखक घडले, हे जुने वाचक अजून सांगतात. ते मासिक 1982 मध्ये बंद पडले. आता तुम्ही लोक पावसाळ्यात दिवाळी अंकांकडे कथा पाठवता आणि संपादक ती घेतो किंवा घेत नाही; जाहिराती आणि छपाई यांच्या धावपळीत दोन ओळींचे उत्तर आले तरी पुष्कळ. मग कथा कुठे ढिली पडली हे सांगणार कोण? शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर यांचे कथाकथन मी तरुणपणी ऐकले आहे. सभागृहात खुर्च्या वाजू लागल्या की सांगणाऱ्याला काय ते समजत असे. तुमच्या बैठकीत आठ-दहाच खुर्च्या असतील, पण त्या वाजतात हे महत्त्वाचे.

नानाच्या ट्रंकेतली बाडे तू पाहिली आहेस. त्याने ती कोणालाही दाखवली नाहीत, वहिनींनाही नाही. तो गेल्यावर मी ती उलगडली तेव्हा ध्यानात आले, की एकाच कथेची सुरुवात त्याने पुन्हा पुन्हा लिहिली होती. विहिरीवरचा तोच प्रसंग, फक्त शब्द बदललेले, आणि प्रत्येक खर्डा त्याच वळणावर सोडलेला. ती सुरुवात पहिल्या खर्ड्यातच उत्तम होती. हे त्याला कोणी सांगितले असते, तर तो पुढे गेला असता असे मला राहून राहून वाटते. तू नाना नव्हेस, तुझी नोकरी आहे, मित्र आहेत, मी उगाच काळजी करतो असे आई म्हणते. तरीही सुटीच्या दिवशी खोलीचे दार लावून बसण्याची सवय तुम्हा दोघांची सारखीच.

आपली कथा चर्चेला असताना मध्ये बोलू नये. जे म्हटले जाते ते लिहून घ्यावे आणि दोन-चार दिवस त्या वहीकडे पाहू नये. दोन वेगळ्या स्वभावाची माणसे एकाच जागी अडखळली, तर ती जागा नीट पाहावी. मात्र उपाय त्यांनी सुचवलेलाच करावा असे नाही. आणि इतरांच्या कच्च्या कथा मन लावून वाचाव्यात, कारण छापलेल्या कथेत सांधे दिसत नाहीत, कच्च्या कथेत दिसतात. ज्या गटात प्रत्येक कथेला ‘छान’ म्हणतात, तिथून तू उठून आला असतास तर मी एक अक्षरही बोललो नसतो.

पाहा, प्रवचन झालेच. क्षमा कर. कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस, याचा मी फायदा घेतो आहे.

गेल्या वर्षी तुझी कथा आली तो अंक मी वाचनालयाच्या दिवाळी अंकांच्या योजनेत टेबलावर सर्वांत वर ठेवत असे, हे तुला आईने सांगितले नसावे. निवृत्त झालो तरी तेवढ्यापुरता मी जाऊन बसत होतो. तुझे पान आता कोपऱ्यात दुमडले आहे आणि त्यावर कुणाच्या तरी हळदीच्या बोटाचा डाग आहे. शिपाई नवी प्रत मागवू का म्हणाला, मी नको म्हटले. ती कथाही आधी याच मंडळींनी ऐकली होती ना? तेव्हा तूच सांगितले होतेस, की मधला बसप्रवास त्या वयस्कर बाईंच्या सांगण्यावरून काढला.

त्या मुलाशी बोलायचे की नाही ते तू ठरव. त्याचीही कथा पुढच्या वेळी असेल, ती ऐकायला तरी जाशील असे वाटते. शनिवारी शेजारच्यांचा मुलगा पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर आईने मेतकूट आणि चकल्या दिल्या आहेत. चकल्या जरा जास्तच आहेत, एकट्याने संपणार नाहीत आणि या हवेत मऊ पडतील.

तुझा,
बाबा