‘नको तिथे जीव जडणे’ आणि क्रियापदाचे लिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी आपापल्या आवडत्या इंडी (मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून काढलेल्या) आणि पंक (सत्तरच्या दशकातल्या बंडखोर, वेगवान रॉक) गाण्यांचे लावलेले अर्थ छापलेत, याबद्दल प्रथम मनापासून आभार. या गाण्यांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा केस, कपडे आणि गोंगाट यांविषयी असते. शब्दांकडे क्वचितच कोणी वळते. म्हणूनच त्या पानावरील एका अनुवादाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचे १९७८ सालचे ‘एव्हर फॉलन इन लव्ह’ (‘जिच्या वा ज्याच्या प्रेमात पडायला नको होते, अशा कोणाच्या प्रेमात कधी पडलात का?’ असे विचारणारे) हे गाणे एका वाचकाने मराठीत आणले आहे आणि ती ‘परक्या स्त्रीच्या प्रेमात पडलेल्या पुरुषाची तगमग’ आहे असा अर्थ सांगितला आहे. अनुवाद जिव्हाळ्याने केलेला आहे, लयही सांभाळलेली आहे. परंतु ‘मी पडलो’ आणि ‘तू निघालीस’ ही दोन क्रियापदे त्यात आली आणि मूळ गाण्याने जे जाणूनबुजून मोकळे ठेवले होते ते तिथेच बंद झाले.

हे गाणे लिहिणारे आणि गाणारे पीट शेली यांना स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ओढ वाटत असे, आणि हे गाणे एका पुरुषावरील प्रेमातून आले असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. आपल्या प्रेमगीतांत ते इंग्रजीतली ‘ही’ (तो) आणि ‘शी’ (ती) ही सर्वनामे कटाक्षाने टाळत, जेणेकरून ऐकणाऱ्या कोणालाही ते गाणे स्वतःचे म्हणता यावे. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यावर सगळे गाणे तोलता येते, कारण तिथले क्रियापद बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे सांगत नाही. मराठीत मात्र ‘पडलो’ की ‘पडले’ हे ठरवल्याखेरीज धृपदाची ओळसुद्धा पुरी होत नाही, आणि अनुवादकाने ते ठरवले की ऐकणाऱ्यासाठी निवड उरत नाही. मी हे गाणे प्रथम ऐकले ते कॉलेजात असताना, मैत्रिणीच्या भावाने भरून दिलेल्या कॅसेटवर. शब्द छापलेला कागद सोबत नव्हता, तरीही मी मनातल्या मनात ‘पडले’ असेच म्हणत होते आणि गाण्याने मला एकदाही अडवले नाही. गाणाऱ्याचा आवाज पुरुषाचा आहे, ही गोष्ट त्या तीन मिनिटांत मला जाणवलीही नाही.

मराठीत हे साधता येणार नाही, असे मात्र कोणी समजू नये. मी अनेक वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आणि या एका ओळीशी बराच काळ झगडले. ‘तुम्ही पडलात’ असे केले तर लिंग झाकले जाते, पण आदरार्थी रूपाने जवळीकच संपते. रुसलेला प्रेमिक अहो-जाहो करत नाही. ‘मी प्रेम केले’ असे म्हटले तर क्रियापद प्रेमाच्या लिंगाने चालते आणि बोलणारा झाकलेला राहतो. परंतु पडण्यातली असहायता जाते, कारण ‘करणे’ ही आपण होऊन केलेली कृती आहे. शेवटी मला ‘जीव जडणे’ सापडले. जीव आपला आपण जडतो, त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्याचा जडतो तो पुरुष की स्त्री हे वाक्य सांगत नाही. ‘नको तिथे जीव जडलाय का कधी तुझा?’ या ओळीत मूळ प्रश्नातील ‘जडायला नको होता’ हा सलही राहतो, आणि ‘तिथे’ म्हटल्यामुळे समोरच्या व्यक्तीचेही लिंग उघड होत नाही.

गाणाऱ्याचे लिंग आणि शब्दांचे लिंग वेगळे असणे हे मराठी कानांना नवे नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलते ती विरहिणी, आणि कीर्तनात त्या गाणारे बुवा स्त्रीलिंगी क्रियापदे उच्चारतात, तेव्हा श्रोते चपापत नाहीत. शाहिरांनी लिहिलेल्या किती लावण्या स्त्रीच्या तोंडच्या आहेत! अशी परंपरा असलेल्या भाषेत या गाण्याला ‘पुरुष आणि परकी स्त्री’ अशा ठरीव चौकटीत बसवण्याची काहीच गरज नव्हती. पीट शेली ६ डिसेंबर २०१८ रोजी गेले. त्याच्या बरोबर तीन महिने आधी, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा ठरणार नाहीत असा निर्णय दिला होता. आपली पुरवणी वाचणाऱ्या ज्या मुलामुलींना या गाण्यात आपली जागा हवी आहे, त्यांना ती मिळू द्यावी.

यावर कोणी म्हणेल की गाण्याचा अर्थ ज्याचा त्याचा असतो, मग त्या वाचकाचा अर्थ का नाकारायचा? मी तो नाकारत नाही. त्यांनी गाण्यात स्वतःची तगमग ऐकली असेल तर ती खरीच आहे. माझे म्हणणे एवढेच की स्वतःचा अर्थ लावतानाही गाण्याचे शब्द, साल आणि जागा हातातून सुटू नयेत. ते सुटले की काय होते हे द क्लॅश या लंडनच्या बँडने सोसले आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हल या उत्सवात कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल उसळली, तेव्हा या बँडमधले जो स्ट्रमर आणि पॉल सिमोनन तिथे होते. त्या अनुभवातून १९७७ साली ‘व्हाइट रायट’ (गोऱ्यांची दंगल) हे गाणे आले. कृष्णवर्णीय तरुण अन्यायाविरुद्ध उभे राहतात, मग गोरे तरुण मुकाट का, असा त्याचा सवाल होता. पण नुसते शीर्षक ऐकणाऱ्यांनी त्याला गोऱ्यांच्या वंशद्वेषाची हाक मानले. हाच बँड ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वंशद्वेषविरोधी चळवळीच्या मेळाव्यात वाजवायला उभा राहिला होता.

शब्दांना धरूनही अर्थ किती वैयक्तिक होऊ शकतो, याचा माझा अनुभव त्याच बँडच्या ‘लंडन कॉलिंग’चा आहे. हे गाणे डिसेंबर १९७९ चे. त्यातल्या अणुसंकटाच्या आणि पुराच्या भीतीला आधार होता: त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अणुभट्टीचा अपघात झाला होता, आणि टेम्स नदीच्या पुराची भीती लंडनला खरोखरच होती, कारण पूर अडवणारे दरवाजे तेव्हा अजून बांधले जात होते. शहर बुडते आहे पण मला भीती नाही, मी नदीकाठीच राहतो, असे गाणारा म्हणतो. तरुणपणी मला ती बेफिकिरी वाटायची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचे पाणी आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत चढले. शेजाऱ्यांच्या मुलाला खांद्यावर घेऊन जिना चढताना मला तीच ओळ आठवली. नदीकाठी राहणाऱ्याला पाणी सर्वांत आधी गाठते, हे ठाऊक असूनही तो भीती नाही असे म्हणतो. तेव्हापासून त्या ओळीत मला बेफिकिरी ऐकू येत नाही. दुसऱ्याला धीर देण्यासाठी स्वतःची भीती गिळणारा माणूस ऐकू येतो.

तेव्हा आपणास विनंती आहे की ही वाचकांची मालिका बंद करू नये, आणि प्रत्येक गाण्यासोबत त्याचे साल आणि गाव अवश्य छापावे. ‘एव्हर फॉलन इन लव्ह’च्या अनुवादकांची हरकत नसेल तर त्यांनी ती दोन क्रियापदे पुन्हा एकदा पाहावीत, माझी ओळ त्यांना उपयोगी पडली तर ती त्यांनी खुशाल घ्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
कुर्ला, मुंबई