बाबा, पर्वती सोडू नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई म्हणाली, पर्वतीवरून आल्यावर बाबांच्या मांड्या भरून आल्या आणि आता ‘वय झालं’ म्हणून ते जायलाच तयार नाहीत. तेव्हापासून मला चैन नाही.

बाबा, तुमचं दुखणं मुख्यतः उतरण्याचं आहे. १०३ पायऱ्या उतरताना मांडीचा स्नायू ताणला जातानाच सगळं वजन पेलतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून काढायला शरीर तिथे दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, निर्माण करतं. म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं, मग ओसरतं. तुमच्या वयात याला वेळ लागतो, त्यात डायबेटिस.

मला काळजी आहे ती न दुखणाऱ्या दाहाची. वयाबरोबर रक्तात दाहाची रसायनं थोडी चढलेलीच राहतात. पोटावरची चरबी आणि वाढलेली साखर त्यात भर घालतात. राखेखालच्या निखाऱ्यासारखा हा दाह धुमसत राहतो, रक्तवाहिन्या खराब करतो, इन्सुलिनचं काम अडवतो. त्यावर उपाय तुमच्या स्नायूंतच आहे. स्नायू काम करू लागले की इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन रक्तात सोडतात आणि त्यामागोमाग दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० वाढतं. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसेन यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. शिवाय चालता स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो. चालून झाल्यावरही इन्सुलिनचा परिणाम काही काळ चांगला होतो, पण हा गुण दोन-तीन दिवसांत ओसरतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

दुखणं थांबेपर्यंत सारसबागेत सपाटीवर चाला. मग पर्वतीच्या निम्म्याच पायऱ्या, आणि उतरताना सावकाश, आधार धरून. निघण्याआधी शुगर ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच निघा. तुमच्या गोळीने ती आणखी उतरू शकते.

आई, मेडिकलमधून आणलेली पेनकिलर त्यांना परस्पर देऊ नकोस गं. डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या असताना अशा पेनकिलर किडनीला महागात पडू शकतात. आधी डॉक्टरांना विचार, किडनीच्या तपासणीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्टही दाखव.

रोज रात्री त्यांचे तळवे बघत जा. एकच पाऊल सुजलं, लाल आणि गरम लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डायबेटिसमध्ये पायाची जाणीव कमी होते, दुखण्याची वाट बघू नका.

रविवारी फोन करते. मांड्या कशा आहेत ते बाबांनीच सांगायचं.

तुमची,
मनू