वेणी बनवत नाहीत, घालतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत केशरचनांवर पानभर मजकूर वाचला. वेण्या-अंबाड्यांना मराठी पुरवणीने अख्खे पान दिले याचा आनंद पहिल्या चौकटीपर्यंतच टिकला. ‘पाचपेडी बनवा’, ‘अंबाडा बनवा’, ‘मधला भांग बनवा’. पानभर हे एकच क्रियापद, मोजले तर चौदा वेळा.

केसांच्या प्रत्येक कामाला मराठीत वेगळे क्रियापद आहे. केस विंचरतात, गुंता सोडवतात, भांग पाडतात, वेणी घालतात, बुचडा बांधतात, शेंडी ठेवतात, कल्ले राखतात, बाळाचे जावळ काढतात, गजरा माळतात. हात काय करतो आहे ते क्रियापदावरूनच कळते. ‘तिने वेणी घातली’ म्हटले की केसांची आणि ‘तिने वेणी माळली’ म्हटले की फुलांची. ‘वेणी बनवा’ म्हटल्यावर कुठली, हे कोणी ओळखायचे? आणि नेमका तोच घोळ आपल्या पानावर झाला आहे. फोटोत फुलांची वेणी आणि खाली लिहिले आहे ‘गजरा’. गजरा दोऱ्यात गुंफलेला, लवचीक, अंबाड्याभोवती दोन-तीन वेढे सहज घेतो. वेणी चपटी, दाट आणि ताठ असते, तिला पाठ आणि पोट असते. ती कमानीसारखी ठेवून दोन्ही टोकांना आकडे लावावे लागतात. सीताबर्डीच्या फूलबाजारात गजरा मागितला तर कोणी वेणी हातात देत नाही.

नागपुरात ‘चोटी’ आणि ‘जुडा’ सर्रास बोलतात, हे मान्य. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी मुलखाला जोडलेल्या राज्याची राजधानी होते, तेव्हा तिकडचे शब्द इथल्या घरांत येणारच. पण ज्या घरात चोटी म्हणतात, तिथेही मुलगी आईला ‘चोटी घालून दे’ असेच म्हणते. नाम बदलले तरी क्रियापद मराठीच राहिले आहे. ते वर्तमानपत्राने मोडू नये.

शब्दांची ढिलाई कृतीतही उतरली आहे. पाचपेडीची आपली कृती अशी: ‘कडेची बट दोन बटांवरून मध्ये आणा, मग दुसऱ्या बाजूने तसेच करा.’ पहिली गोष्ट, त्या बटा नव्हेत, पेड. बट म्हणजे कपाळावर किंवा कानाशी सुटलेली केसांची बारीक लड. वेणीसाठी केसांचे जे सारखे भाग करतात ते पेड, म्हणून तर तिपेडी, चौपेडी, पाचपेडी. दुसरी गोष्ट, या कृतीने वेणी पडेल, पण फोटोतली नाही. दोन्ही पेडांवरून नेले की उतरत्या तिरप्या ओळींची जाड वेणी तयार होते. फोटोत चटईची वीण आहे. ती हवी असेल तर डावीकडचा कडेचा पेड शेजारच्या पेडाच्या वरून आणि त्यापुढच्या, म्हणजे मधल्या पेडाच्या खालून न्यायचा. आता तो मधला झाला. मग उजवीकडचा कडेचा पेड तसाच, शेजारच्यावरून आणि या नव्या मधल्याच्या खालून. एक वरून, एक खालून, हे शेवटपर्यंत चुकू द्यायचे नाही. हात बदलताना मधला पेड सैल सुटतो आणि तिथेच वेणी पोकळ दिसते. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर दोन्ही कडांचे पेड बाहेर ओढून वीण बसवून घ्यावी लागते. केस किंचित ओलसर असले तर पेड फिसकटत नाहीत.

खजुरी वेणीला आपण ‘चौपेडी’ म्हटले आहे. तिच्यात केसांचे भाग दोनच असतात. एका भागाच्या बाहेरच्या कडेची बारीक लड उचलून दुसऱ्याच्या आतल्या कडेला द्यायची, मग उलट बाजूने. लड जितकी बारीक तितकी वीण नाजूक. सागरवेणीत कपाळाजवळ तीन पेड धरून सुरुवात होते आणि दर वेळी कडेचा पेड मध्ये आणण्याआधी त्यात टाळूवरची एक लड मिसळली जाते. मानेपर्यंत सगळे केस आत आले की पुढे साधी तिपेडी.

अंबाडा, खोपा आणि बुचडा एकाच फोटोखाली स्वल्पविराम देऊन छापले आहेत, जणू तीन नावांची एकच वस्तू. न्हाऊन आल्यावर घाईने केस गुंडाळून वर खोचले की तो बुचडा. त्याला ना विंचरणे लागते ना आकडे. अंबाडा मानेशी नीट बसतो. केस विंचरून पीळ द्यायचा आणि पीळ ज्या दिशेने दिला त्याच दिशेने वेढे घ्यायचे. उलट दिशेने घेतले की पीळ उकलतो आणि तासाभरात अंबाडा लोंबू लागतो. टोक खाली दडपायचे. आकडा सरळ आत खुपसून चालत नाही. बाहेरच्या वेढ्याचे थोडे केस त्यात धरून आकडा उलटा फिरवायचा आणि टाळूलगतचे केस घेत मध्याकडे सरकवायचा. कमरेपर्यंतच्या दाट केसांना पाच-सहा आकडे पुरतात. नुकतेच धुतलेले केस निसटतात, धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी अंबाडा चांगला बसतो. खोपा याहून वर असतो, केस आत वळवून घेतलेला, फुगीर. सुगरणीच्या घरट्यालाही खोपाच म्हणतात, आकार डोळ्यांपुढे यायला तेवढे पुरे. ‘ऑफिसला जाताना’ या मथळ्याखाली आपण खोपा सुचवला आहे. नागपुरात दुचाकीवर हेल्मेट घालणाऱ्या बाईला तो कसा जमणार? तिला मानेखाली येणारी वेणीच हवी.

पोनी, बॉबकट, स्टेपकट या शब्दांबद्दल तक्रार नाही. त्या तऱ्हा आपापली नावे घेऊन आल्या आणि मराठीने त्यांना क्रियापदेही दिली. पोनी बांधतात, कट मारतात. अंबाड्याला मात्र आपण तीन ठिकाणी ‘अंबाडी’ छापले आहे. अंबाडी ही भाजी आहे, आणि विदर्भात हे कोणाला सांगावे लागत नाही. एकाहून जास्त असतील तर अंबाडे.

जाता जाता, कृतीच्या चौकटी फिक्या पिवळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत छापल्या आहेत. आरशासमोर एका हातात केस धरून दुसऱ्या हातात पान धरणाऱ्या बाईला ती अक्षरे दिसत नाहीत.

पुढच्या पुरवणीत निदान पाचपेडीची कृती दुरुस्त करून, काळ्या अक्षरांत, पुन्हा छापावी ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
महाल, नागपूर