रांग पाहू नका, फलाट पाहा

महोदय,

थीम पार्क एका दिवसात 'संपूर्ण' कसं बघावं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. दार उघडायच्या आधी पोहोचा, आत शिरताच सर्वांत मोठ्या राइडकडे धावत सुटा, दुपारी जेवणात वेळ घालवू नका, वगैरे. लेखकाबरोबर घरचं कुणी नसावं, असा माझा दाट संशय आहे. तीन वर्षांची नात, गुडघे धरून चालणारी आजी आणि बाबागाडी यांना घेऊन 'धावत सुटा' हा सल्ला अमलात आणून दाखवावा.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. मुलगा, सून, नातवंडं आणि आमच्या सौ. असा लवाजमा घेऊन अशा ठिकाणी जातो, आणि राइडमध्ये बसण्यापेक्षा ती कशी चालवतात हे बघण्यात मला जास्त रस असतो. त्यावरून सांगतो: रांगेची लांबी बघून निर्णय घेऊ नका. थोडं पुढं जाऊन गाडी सुटते तो फलाट बघा.

हिशेब साधा आहे. एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ माणसं बसतात आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते असं धरा. तासाला ४० गाड्या, म्हणजे ९६० माणसं. शेजारी गोल फिरणारी एखादी राइड आहे. तिच्यातही २४ जागा. पण फेरी दोन मिनिटांची, आणि चढ-उतार, पट्टे लावणं, तपासणं यात आणखी तीन मिनिटं. तासाला १२ फेऱ्या, म्हणजे २८८ माणसं. तुमच्या पुढं शंभर माणसं उभी असतील, तर कोस्टरवर सहा-सात मिनिटांत नंबर लागेल आणि फिरत्या राइडवर वीस मिनिटं उलटून जातील. रांग मात्र दोन्हीकडं तेवढीच दिसते! चालत्या पट्ट्यावरून बसायच्या, कधीच न थांबणाऱ्या डब्यांच्या राइड तर याहून भराभर माणसं उचलतात. तिथली वळसे घेत गेलेली रांग बघून लोक माघारी फिरतात, आणि चार पावलांवरच्या लहान मुलांच्या राइडच्या आखूड रांगेत जाऊन खोळंबतात.

आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे रुळावर गाड्या किती आहेत. कोस्टरचा मार्ग आमच्या रेल्वेसारखाच ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक तुकड्यांत, विभागलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी; पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागचीला सोडत नाहीत. कमी गर्दीच्या दिवशी पार्कवाले बऱ्याचदा एखादी गाडी बाजूला काढून ठेवतात. मग गर्दी कमी असूनही रांग हलत नाही, आणि लोक कर्मचाऱ्यांवर वैतागतात. दोन गाड्या धावत असतील, तर फलाटावर होणारा उशीर मागच्या गाडीला भोवतो. ती फलाटाबाहेर ब्रेकवर अडकून राहते. त्यामुळे टोपी, चष्मा, मोबाइल, गळ्यातली पर्स हे सगळं फलाटावर पोहोचण्याआधीच आवरून ठेवा. सीटवर बसल्यावर खिसे चाचपणारा एक गृहस्थ सगळ्यांचं अर्धं मिनिट खातो, आणि असे गृहस्थ प्रत्येक गाडीत निघतात.

पैसे भरून पुढं जाण्याच्या पासविषयी दोन शब्द. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला, तेव्हा तो फुकट होता. आता बहुतेक ठिकाणी रांग टाळायची तर वेगळे पैसे मोजावे लागतात. घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण अशा पासामुळे गाडीत एकही जागा वाढत नाही, हे ध्यानात ठेवा. त्या रांगेला दिलेली जागा साध्या रांगेतूनच जाते. दोन्ही रांगा जिथं एकत्र येतात, तिथं उभा असलेला माणूस त्या बाजूचे पुष्कळ आणि या बाजूचे थोडे सोडतो. म्हणून साध्या रांगेत फलाट दिसू लागल्यावरच सर्वांत जास्त थांबावं लागतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'आलंच, आलंच' म्हणून त्यांना खोटी आशा लावावी लागणार नाही.

आता उंची. यावर लेखात एक ओळसुद्धा नव्हती, आणि कुटुंबाचा दिवस सर्वांत जास्त इथंच बिघडतो. मोठ्या राइडना कुठं १०२, कुठं १२२ सेंटिमीटर अशी किमान उंची लागते. वय विचारत नाहीत. कारण सरळ आहे: मांडीवर किंवा खांद्यावर येणारा तो दांडा विशिष्ट मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान शरीर त्याखालून निसटू शकतं. जायच्या आदल्या दिवशी, जे बूट घालून जाणार तेच घालून, मुलांना भिंतीला उभं करून मोजा आणि कुठल्या राइडला कोण बसू शकतं याची यादी पार्कच्या संकेतस्थळावरून काढून ठेवा. वाईट बातमी घरीच द्यावी. तासभर उभं राहून फाटकाशी आल्यावर दिली, तर मूल रडणारच. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आमच्या पुढच्या कुटुंबातला एक मुलगा मोजपट्टीखाली उभा राहिला आणि बापाने डोळ्यांनी खूण करताच हळूच टाचा उचलल्या. मोजणारी मुलगी विशीतली असेल. ती काही बोलली नाही. नुसती त्याच्या बुटांकडे बघत उभी राहिली, टाचा खाली टेकेपर्यंत. मग पट्टी आणि डोकं यांच्यामधून आपला आडवा तळहात फिरवून बापाला दाखवला. बाप वाद घालू लागला. मागं दोनशे माणसं ताटकळत होती. त्या मुलीच्या जागी मी असतो, तर इतका शांत राहिलो नसतो.

ज्या राइडला धाकटं मूल चालत नाही, तिथं आई किंवा बापाने हिरमुसून बाहेर थांबायची गरज नसते. पुष्कळ पार्कमध्ये पालकांची अदलाबदल करू देतात: आधी एक जण बसून येतो, दुसरा मुलाला घेऊन थांबतो, मग दुसरा पुन्हा रांग न लावता आत जातो. मात्र हे रांगेच्या तोंडाशीच विचारायचं असतं, फलाटावर पोहोचल्यावर नाही. एकेकट्या बसणाऱ्यांची वेगळी रांग असते, तिचाही मोठ्या मुलांना फायदा होतो; तिथं रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात, म्हणून ती भराभर सरकते. शेजारी आपलंच माणूस येईल याची मात्र खात्री नाही.

आणि एक विनंती, विशेषतः घरच्या पुरुषमंडळींना. बाकावर सामानाची राखण करत बसायची वेळ दर वेळी आजीवरच येते. आमच्या सौ. पहिल्यांदा गेल्या, तेव्हा पार्कमधलं काय बघितलं असं कुणी विचारलं की 'सहा पिशव्या' असं उत्तर देत. आता लॉकर घेतो, आणि बाकावर बसायची पाळी लावतो. शिवाय आजीला झेपतील अशा गोष्टी दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवतो: होडीतून फिरणं, बंदिस्त सभागृहातला खेळ, सावकाश चालणारी आगगाडी. त्या वेळी नातीचीही झोप होते. सकाळचा पहिला तास मोठ्यांच्या राइडना, भर दुपार सावलीला, उन्हं कलली की पुन्हा बाहेर. आमचं वेळापत्रक एवढंच. जेवण सगळ्यांच्या आधी तासभर उरकायचं. लेखकाने जेवण वगळायला सांगितलं आहे, पण उपाशी मूल रांगेत काय करतं हे त्यांनी एकदा बघावं.

पाण्याच्या राइडबद्दल एकच सांगतो: कपडे वाळतात, मोजे वाळत नाहीत. ओल्या मोज्यांनी दिवसभर चाललं की टाचेला फोड आलाच. मोज्यांचा जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या आणि नवे बूट घालून अजिबात जाऊ नका.

पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं कुठं आहेत, हे आत शिरल्याबरोबर नकाशात बघून ठेवावं. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँडचं उद्घाटन झालं, तेव्हा कडक ऊन होतं, बनावट तिकिटांवर हजारो लोक आत घुसले होते, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ व स्वच्छतागृहं यातलं एकच वेळेत पुरं होणार होतं. वॉल्ट डिस्ने यांनी स्वच्छतागृहं निवडली. लोक पाण्यावाचून चिडले, नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. डिस्नेंचा निर्णय मला तरी बरोबर वाटतो. लहान मूल बरोबर असलेला कोणीही असाच कौल देईल.

मूल चुकण्याची भीती सगळ्यांनाच असते, तयारी फार थोड्यांची. सकाळी आत जाताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत पायापर्यंतचा फोटो काढा. घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला आपला फोन नंबर लिहा. गणवेश आणि छातीवर नावाची पाटी असलेला माणूस म्हणजे पार्कचा माणूस, हे मुलाला दोन-तीन वेळा प्रत्यक्ष दाखवा. मूल दिसेनासं झालं, तर एकाने ते शेवटचं दिसलं त्या जागेवरून हलू नये आणि दुसऱ्याने लगेच कर्मचाऱ्याला गाठावं. आधी आपणच थोडं शोधू, असं म्हणत चार दिशांना पांगू नये. भेटायची जागा 'मुख्य दरवाजा' अशी ठरवू नका. संध्याकाळी सगळं पार्क तिथंच लोटतं, आणि गर्दीत मोबाइलचं नेटवर्क दगा देतं.

पार्कमध्ये निघणाऱ्या मिरवणुकीच्या वेळी मोठ्या राइडच्या रांगा कमी होतात, हे खरं आहे. पण मिरवणुकीच्या रस्त्याची कुठली बाजू धरायची ते आधी ठरवा. एकदा दोर बांधले की पलीकडं जाता येत नाही. वीज चमकू लागली किंवा वारा सुटला, तर बाहेरच्या राइड बंद करतात आणि आतल्यांवर झुंबड उडते. म्हणून आभाळ भरून येताना दिसलं की छताखालची रांग आधीच धरावी.

बंद व्हायच्या वेळेला जो रांगेत उभा असतो, त्याला बहुतेक ठिकाणी शेवटपर्यंत बसू देतात. मुलगा आणि मोठा नातू त्या वेळी सर्वांत मोठी राइड गाठतात. आम्ही बाकीचे सावकाश फाटकाकडं निघतो, आणि गाडी लावलेल्या जागेच्या पाटीचा सकाळी काढलेला फोटो बघून ठेवतो. सगळे एकदम बाहेर पडतात, तेव्हा अर्धा तास बाकावर बसून राहण्यात काहीच बिघडत नाही. नात तोवर खांद्यावर झोपलेली असते.

पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचंच झालं, तर मिरवणूक कापावी. उंचीचा भाग मात्र तसाच ठेवावा.

आपला,
एक निवृत्त सिग्नल निरीक्षक